मातीचा कॅटॅलिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की दोन-तीन तरी पोरं ‘के-१० क्ले’ (आम्लासारखा वागणारा मातीचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शनला वेग देणारा उत्प्रेरक) घेऊन येतात, आणि त्यांच्यामागून तेच ते प्रश्न येतात. काही प्रश्न छोट्या युनिटमधल्या केमिस्ट मंडळींचे असतात. एक तर एका विद्यार्थ्याच्या शेतकरी वडिलांचा आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे.

माती आणि आम्ल? हे जमतं कसं?

खारी बिस्कीट डोळ्यांसमोर आणा. मॉन्टमोरिलोनाइट नावाची माती तशीच पापुद्र्यांची असते. प्रत्येक पापुद्रा तीन पदरांचा: वर-खाली सिलिकाचे पदर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनाचा. त्या मधल्या पदरात निसर्गाने थोडी गडबड करून ठेवली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम बसलेलं असतं. तीन धन भारांच्या जागी दोनच आले, म्हणून अख्ख्या पापुद्र्यावर थोडा ऋण भार उरतो. तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन पाण्यासकट येऊन बसतात.

हे आयन भाडेकरू आहेत, त्यांना उठवता येतं. त्यांच्या जागी हायड्रोजन आयन आणला तर आम्ल मिळतं हे उघडच आहे. पण अ‍ॅल्युमिनियम किंवा लोहाचा आयन आणला तरी आम्लच मिळतं, आणि खरी मजा इथे आहे. तीन धन भारांचा हा छोटा आयन आपल्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूला इतका ओढतो की त्या पाण्याचा हायड्रोजन सुटायला टेकतो. म्हणजे आम्ल मातीचं नाही म्हणता येईल, फटीतल्या पाण्याचं आहे. पाणी जितकं कमी तितका उरलेल्या रेणूंवरचा ताण जास्त, आणि आम्लही तितकं जोरदार. हे ब्रॉन्स्टेड आम्ल झालं, म्हणजे हायड्रोजन आयन देणारं. दोनशे-तीनशे अंशांपुढे तापवून पाणी जवळजवळ घालवलं की उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम लुईस आम्लासारखे, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणारे, वागू लागतात.

मग कुठलीही चिकणमाती का चालत नाही? चिनी माती स्वस्त आहे.

चिनी माती म्हणजे केओलिन. तिच्या पापुद्र्यांवर भार जवळपास नसतोच, त्यामुळे फटीत भाडेकरूही नाहीत. आयन बदलण्याची क्षमता शंभर ग्रॅममागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मोजतात. केओलिनची साधारण ३ ते १५ भरते, मॉन्टमोरिलोनाइटची ८० ते १२०. फरक एवढा आहे.

नावाचं विचारलंत तर फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलों गावावरून १८४७ साली ते पडलं. बेंटोनाइट हे मॉन्टमोरिलोनाइट मुख्य असलेल्या खडकाचं नाव, ते अमेरिकेतल्या वायोमिंगकडचं. आपल्याकडे बेंटोनाइट कच्छ आणि बाडमेरकडून येतं.

आमच्या शेतातली काळी माती चालेल का?

हा तो प्रश्न. विचारणाऱ्याला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं होतं: “उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसात मिटतात. तुमचीही माती फुगते म्हणता, मग तीच ना?”

हो, तीच. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेल्या आपल्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली माती भरपूर असते. पापुद्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की जमीन फुगते, निघून गेलं की आकसते आणि भेगाळते. काळ्यात घर बांधलं की भिंतीला तडे जातात त्याचं कारणही हेच.

पण कॅटॅलिस्ट म्हणून सरळ उचलून वापरता येत नाही. चमचाभर मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, बऱ्याच ठिकाणची माती फसफसते. ती चुनखडी. तुम्ही घातलेलं आम्ल आधी तीच खाते. शिवाय सेंद्रिय पदार्थ, लोहाचे ऑक्साइड, वाळू हे सगळं सोबत येतं. माती पाण्यात कालवून जड भाग खाली बसू द्यायचा, वरचं गढूळ पाणी ओतून घ्यायचं, चुनखडी आम्लाने काढायची, सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळायचा, मग धूत बसायचं. एका विद्यार्थ्याने हे केलं. आठ दिवस नुसतं धुणंच चाललं होतं. बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, गाळणकागद गच्च होतो, शेवटी सेंट्रिफ्यूजवरच काम झालं. रिअ‍ॅक्शन चालली, पण के-१०पेक्षा मंद. प्रोजेक्ट म्हणून मला तो फार आवडला, नेहमीच्या कामासाठी मात्र बाटलीतलंच घ्या.

मुलतानी मातीचंही तसंच. करून बघायला हरकत नाही, पण दुकानातल्या प्रत्येक पुडीत वेगळं काही निघतं.

के-१० म्हणजे नेमकं काय? आणि केएसएफ?

दोन्ही आम्लाने सक्रिय केलेली मॉन्टमोरिलोनाइट, म्युनिकच्या झ्यूड-केमी कंपनीची जुनी नावं. नैसर्गिक माती खनिज आम्लात तापवली की आधी फटीतले आयन बदलतात, मग मधल्या पदरातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह हळूहळू विरघळून बाहेर पडतं. कडा उसवतात, सच्छिद्रता वाढते. के-१०मध्ये ही प्रक्रिया बरीच पुढे नेलेली असते, म्हणून तिचं पृष्ठफळ ग्रॅमला २२० ते २७० चौरस मीटरपर्यंत भरतं. केएसएफचं त्या मानाने फारच कमी, आणि तिच्या आम्लतेतला काही भाग मागे राहिलेल्या सल्फ्युरिक आम्लाचाच असतो. केएसएफ वापरून ‘घन आम्लाने’ रिअ‍ॅक्शन झाली असं लिहिण्याआधी ती पाण्यात ढवळून पाण्याचा पीएच बघा.

जाता जाता: के-१०चा एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख) काढून ‘थर फुगल्याचं दिसतं’ असं कृपा करून लिहू नका. तिच्यात थरांची रांग बरीचशी मोडलेली असते आणि थरांमधल्या अंतराची ती ठळक रेषा जेमतेम दिसते. ठसठशीत दिसतो तो बहुधा क्वार्ट्झ.

हे सगळं नवीन संशोधन आहे ना?

अजिबात नाही. फ्रेंच इंजिनिअर यूजीन हूद्रीने जड तेलाचं पेट्रोल करायला आम्लाने सक्रिय केलेली मातीच वापरली. अमेरिकेत १९३६-३७ साली त्याची युनिट व्यापारी पातळीवर सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांना लागलेलं चांगल्या प्रतीचं इंधन बऱ्याच अंशी या पद्धतीतून आलं. पुढे कृत्रिम सिलिका-अ‍ॅल्युमिना आलं, साठच्या दशकात झिओलाइट (बारीक, ठरावीक मापाच्या छिद्रांची स्फटिकी खनिजं) आले आणि माती रिफायनरीतून मागे पडली.

सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत ती ऐंशीच्या दशकात परतली. बेल्जियममधल्या लिएज इथे पिएर लास्लो आणि कॉर्नेलिस यांनी के-१०वर लोहाचं नायट्रेट चढवून ‘क्लेफेन’ केलं, तांब्याचं नायट्रेट चढवून ‘क्लेकॉप’. इंग्लंडमध्ये यॉर्कला जेम्स क्लार्क यांच्या गटाने झिंक क्लोराइड चढवून ‘क्लेझिक’ केलं. ‘ग्रीन केमिस्ट्री’ची, म्हणजे कमीत कमी कचरा करणाऱ्या रसायनशास्त्राची, बारा तत्त्वं छापली गेली १९९८ साली, म्हणजे माती त्याआधीपासून कामाला होती.

फ्रीडेल-क्राफ्ट्सचं नाव प्रत्येक वेळी का निघतं?

फ्रीडेल-क्राफ्ट्स म्हणजे बेंझीनसारख्या कड्याला कार्बनचा गट जोडणारी रिअ‍ॅक्शन: साधी साखळी जोडली तर अल्किलेशन, कीटोन होईल असा गट जोडला तर असिलेशन. तिचं नाव निघतं कारण तिथे घाण डोळ्यांना दिसते. अ‍ॅनिसोल आणि अ‍ॅसिटिल क्लोराइडपासून पॅरा-मेथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन करायचं आहे. पाठ्यपुस्तक म्हणतं, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड ‘उत्प्रेरक’. पण तयार झालेला कीटोन त्याला धरून बसतो, त्यामुळे एका मोलला एकाहून थोडं जास्तच घालावं लागतं. १.१ मोल धरा, म्हणजे १४७ ग्रॅम. आणि एक मोल उत्पादनाचं वजन १५० ग्रॅम. किलोभर मालाला जवळपास किलोभर ‘उत्प्रेरक’!

आणि तो परत मिळत नाही. शेवटी सगळं बर्फात ओततात. धूर निघतो, आणि किलोमागे साधारण ८०० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड व अर्धा किलोहून जास्त अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट गाळ पदरात पडतो. हे शंभर टक्के उतारा (यील्ड) धरून. त्या गाळाचं पुढे काय करायचं हे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सांभाळणाऱ्या माणसाला विचारा.

क्लेझिक वापरून बेंझीन आणि बेंझिल क्लोराइडची रिअ‍ॅक्शन साध्या तापमानाला काही मिनिटांत उरकते, आणि माती गाळून बाजूला काढता येते. मात्र ही अल्किलेशनची गोष्ट झाली. असिलेशनमध्ये कीटोन मातीच्या आम्ल जागांनाही चिकटतो, म्हणून तिथे माती इतकी चमक दाखवत नाही. अ‍ॅनिसोलच्या असिलेशनचा प्रश्न कारखान्याच्या पातळीवर सुटला तो झिओलाइट बीटा आणि अ‍ॅसेटिक अनहायड्राइडने, मातीने नव्हे. मातीवर काम करणाऱ्यांना हे सांगायला आवडत नाही.

आणखी कुठल्या रिअ‍ॅक्शन चालतात?

आम्ल लागणाऱ्या पुष्कळ. अ‍ॅसिटाल, एस्टर, पेकमन पद्धतीने कूमरिन, बिगिनेली, फिशर इंडोल, इंडोल आणि अल्डिहाइडपासून बिस-इंडोलिलमिथेन. प्रोजेक्टसाठी शेवटची बरी. स्वस्त आहे, टीएलसीवर (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) स्पष्ट दिसते, आणि उपपदार्थ म्हणजे फक्त पाणी.

सुकवायची किती? एका पेपरात काहीच लिहिलेलं नाही.

११० ते १२० अंशांवर तीन-चार तास, डेसिकेटरमध्ये गार करा, लगेच वजन करा. नुसती सुकवण्याची गोष्ट वाटते, पण निम्मे प्रयोग इथेच फसतात.

माझाच फसलेला सांगतो. ऐन जुलैत, बाहेर धो धो पाऊस, मी बाटलीतली के-१० तशीच घेतली आणि एस्टर करायला बसलो. चार तासांनी टीएलसीवर सुरुवातीचाच ठिपका. दुप्पट माती घातली, तरी काही नाही. बाटली हातात घेऊन हलवली तेव्हा लक्षात आलं. कोरडी के-१० बाटलीत पिठासारखी सरसर वाहते, ही गोळे होऊन काचेला चिकटत होती. ओव्हनमध्ये ठेवून परत केलं तर तीच रिअ‍ॅक्शन चालली. एस्टर करताना पाणी तर आतही तयार होतं, ते डीन-स्टार्कने (उकळताना पाणी वेगळं गोळा करणाऱ्या काचेच्या उपकरणाने) काढत राहिलात तरच माती शेवटपर्यंत टिकते.

उलट टोकाची चूक म्हणजे ‘जास्त सक्रिय व्हावी’ म्हणून ५०० अंशांवर भाजणे. ब्रॉन्स्टेड आम्ल हवं असेल तर तुम्ही त्याचं पाणीच घालवून बसता.

माती वापरली म्हणजे रिअ‍ॅक्शन ग्रीन, असं लिहू ना?

आधी वजनं मांडा, मग लिहा. दोन मिलिमोल इंडोल म्हणजे २३४ मिलिग्रॅम, एक मिलिमोल बेंझाल्डिहाइड म्हणजे १०६. पूर्ण झालं तर ३२२ मिलिग्रॅम बिस-इंडोलिलमिथेन आणि १८ मिलिग्रॅम पाणी. अणूंच्या हिशेबाने जवळपास ९५ टक्के माल उत्पादनात गेला. झकास. प्रबंधात हाच आकडा ठळक अक्षरात येतो.

आता पुढचं. ९० टक्के उतारा धरला तर हातात २९० मिलिग्रॅम. ते शुद्ध करायला कॉलम (सिलिका भरलेली नळी, तिच्यातून सॉल्व्हंट सोडून माल वेगळा करतात) लावला, हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट नवास एक, एकूण ३०० मिलिलिटर. त्याचं वजन होतं सुमारे २०५ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम उत्पादनामागे ७०० ग्रॅम सॉल्व्हंट, सिलिका वेगळी. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली ‘ई फॅक्टर’ मांडला, म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषध उद्योगासाठी त्यांचा आकडा २५ ते १०० होता, आणि तेव्हा तोच सगळ्यात वाईट म्हणून दाखवत. तुमच्या ‘ग्रीन’ रिअ‍ॅक्शनचा ७००!

मातीने वाचवलेलं सगळं त्या कॉलममध्ये वाहून गेलं. त्याऐवजी थोड्या गरम इथेनॉलने माती धुऊन घ्या, गाळा, पाण्याचे थेंब टाकून स्फटिक पडू द्या. स्फटिक थोडे गुलाबीसर दिसले तर घाबरू नका, हे संयुग हवेत किंचित ऑक्सिडाइज होतं. उतारा पाच-सात टक्के घटेल. घटू द्या. ९५ टक्के उताऱ्याच्या मोहापायी कॉलम लावणारी पोरं मी बघतो तेव्हा परीक्षकांचाच राग येतो, कारण ते उतारा विचारतात, सॉल्व्हंट विचारत नाहीत.

आणि माती सक्रिय करतानाचं आम्लाचं सांडपाणीही कुठेतरी जातच असतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम असतं. ते मोजणारा पेपर क्वचित दिसतो.

‘पाच वेळा वापरली, उतारा तसाच’ हे खरं मानावं का?

उतारा कधी मोजला ते बघा. रिअ‍ॅक्शन अर्ध्या तासात पूर्ण होत असेल आणि प्रत्येक वेळी तीन तासांनी मोजत असाल, तर माती निम्मी मेली तरी आकडा तोच दिसणार. सुरुवातीला, उतारा तीस-चाळीस टक्के असताना मोजा. तेव्हा खरं कळतं.

दुसरी परीक्षा गरम गाळणीची. रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर आली की गरम असतानाच माती गाळून काढा आणि द्रव तसाच तापवत ठेवा. पुढे सरकली तर समजा आम्ल मातीतून सुटून द्रावात आलं आहे, आणि तुम्ही इतका वेळ घन आम्ल नव्हे, साधं आम्ल वापरत होता.

मरते कशाने? बहुतेक वेळा डांबरी थर बसून, किंवा अमाइनसारखं काही आम्ल जागांना चिकटून. डांबर हवेत ४००-५०० अंशांवर जाळून काढता येतं, पण पापुद्रे थोडे आणखी कोसळतात आणि पहिली तडफ परत येत नाही. सहाशे-सातशेच्या पुढे तर मातीची मूळ रचनाच मोडते.

पापुद्रे कोसळू नयेत म्हणून काही उपाय?

फटीत खांब उभे करायचे. तेरा अ‍ॅल्युमिनियमचा एक मोठा गोळा-आयन, सात धन भारांचा, फटीत घालून भाजतात. तो अ‍ॅल्युमिनाचा खांब होऊन बसतो आणि एरवी कोरड्या मातीत जेमतेम १० अँगस्ट्रॉम असणारं थरांचं अंतर १८च्या आसपास टिकून राहतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ही कल्पना पुढे आली.

दुसरी वाट मुंबईची. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, प्रा. गणपती यादव यांच्या गटाने डोडेकाटंगस्टोफॉस्फोरिक आम्ल के-१०वर चढवून त्यावर बऱ्याच रिअ‍ॅक्शन केल्या. हे आम्ल फार जोरदार, पण अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळून निघून जातं. त्यावर त्यांनी त्याचं सीझियमचं क्षार मातीच्या छिद्रांतच तयार केलं. ते विरघळत नाही, त्यामुळे जागा सोडत नाही. कॅटॅलिस्ट जोरदार असून भागत नाही, तो जागेवर राहिला पाहिजे, याचं हे चांगलं उदाहरण.

आम्ल ब्रॉन्स्टेड की लुईस, कसं ओळखायचं?

मातीला पिरिडीन पाजा, जास्तीचं काढून टाका आणि आयआर (अवरक्त किरणांचा वर्णपट) घ्या. १५४५च्या जवळची रेषा ब्रॉन्स्टेडची, १४५०ची लुईसची, १४९०ला दोघांची मिळून. कॉलेजात आयआर आहे आणि पिरिडीनचा वास सहन करणारा कुणी आहे, एवढं पुरतं.

एवढी चांगली आहे तर कारखान्यांत का दिसत नाही?

दिसते, पण तिची जाहिरात होत नाही. वनस्पतिजन्य फॅटी आम्लं जोडून डायमर आम्ल करतात ते मातीवर. रबर आणि वंगणातले अल्किलेटेड डायफिनिलअमाइनचे अँटिऑक्सिडंट मातीवर होतात. बेंझीन-टोल्युइनमधले किरकोळ ओलेफिन (दुहेरी बंधाची संयुगं) काढायला मातीचे उभे टॉवर असतात. आणि खाद्यतेलाचा रंग काढणारी ब्लीचिंग अर्थ ही तिचीच सख्खी बहीण.

अडतं ते गाळणीवर. पाच ग्रॅम बुखनरवर (प्रयोगशाळेतल्या गाळणीच्या नरसाळ्यावर) गाळणं वेगळं, पाचशे किलो फिल्टर प्रेसवर गाळणं वेगळं. बारीक माती कापडात घुसते, वेग मंदावतो, शिफ्ट संपते. शिवाय माती खाणीतून येते, एका लॉटसारखा दुसरा नसतो. आणि गाळलेल्या केकमध्ये तुमचाच माल अडकून राहतो, तो धुऊन काढायला पुन्हा सॉल्व्हंट. प्रयोगशाळेत सेलाइटचा (गाळणीला मदत करणाऱ्या पुडीचा) पातळ थर आधी अंथरला तर गाळणी बरीच सुधारते, पण मग माती परत वापरायचं विसरा, कारण ती सेलाइटमध्ये मिसळली.

माती आहे, मग काळजी कसली?

तोंडावर मास्क बांधा. पूड फार बारीक आहे आणि तिच्यात क्वार्ट्झ असतो. तो श्वासातून रोज आत जाणं फुप्फुसाला चांगलं नाही.

वापरलेली माती कागदाच्या कचऱ्यात टाकू नका. तेल किंवा दुहेरी बंधाचं काही शोषलेली माती हवेत आपोआप तापत जाते आणि पेटूही शकते. तेल गिरण्यांना वापरलेल्या ब्लीचिंग अर्थबाबत हे चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडे ती पाण्याने ओली करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाते, डब्यावर तारीख आणि आत काय शोषलेलं आहे त्याचं नाव. डबा ओव्हनशेजारी ठेवायचा नाही.